नंबर तोच, कंपनी दुसरी; मग फोनचे पैसे कोणत्या हिशेबाने?



गटाची बैठक संपत आली, बचत जमा झाली, हप्ते लिहून झाले, की चहाच्या वेळी मोबाईलचा विषय निघतोच. कुणाला रेंज नसते, कुणाचा रिचार्ज महाग झालेला असतो, कुणाचा बॅलन्स आपोआप कटलेला असतो. पुसद तालुक्यातल्या गटांमध्ये फिरताना गेल्या काही महिन्यांत एक प्रश्न मला अनेक ठिकाणी ऐकायला मिळाला. तो असा : "ताई, आपला नंबर दुसऱ्या कंपनीत नेला, तर आपल्याला फोन करणाऱ्या बाईला जादा पैसे पडतात का?"

हा प्रश्न छोटा वाटतो, पण त्यामागे काळजी आहे. एका ग्रामसंघाच्या अध्यक्ष ताईंच्या घरात त्यांच्या कंपनीची रेंज येत नाही. फोन घ्यायला त्या गोठ्यामागच्या बांधावर जातात. तरी त्यांनी कंपनी बदलली नव्हती. कारण काय, तर "माझ्या गटांतल्या बाया मजुरीवर जाणाऱ्या. माझ्यामुळे त्यांचा बॅलन्स जास्त कटायला नको." दुसऱ्यांचा खर्च वाचावा म्हणून ही बाई पावसात छत्री घेऊन बांधावर उभी राहत होती. म्हणून आज या विषयावर नीट, पायरी पायरीने बोलू.

आधी उत्तर सांगते, मग कारण. नंबर आज ज्या कंपनीत आहे, त्या कंपनीच्या हिशेबाने फोनचे पैसे लागतात. नंबरचे पहिले आकडे कोणत्या कंपनीचे आहेत, याला किंमत नाही. आणि फोन करणारीकडे आजकालचा अनलिमिटेड पॅक असेल, तर समोरचा नंबर कोणत्याही कंपनीत असो, तिला एक पैसाही जादा पडत नाही. त्या ताईंना बांधावर उभं राहायची गरज नव्हती.

पैसे कोण देतं?

ज्यांच्याकडे सुरुवातीला मोबाईल आले, त्यांना आठवत असेल, तेव्हा आलेला फोन उचलला तरी पैसे कटायचे. १ मे २००३ पासून आपल्या देशात नियम झाला की जो फोन लावतो तो पैसे देतो, आलेला फोन फुकट. मिस्ड कॉलची आपली सवय याच नियमातून वाढली. मुलगी माहेरी एक रिंग देते, आई समजून जाते आणि आपल्या फोनवरून लावते. ज्याच्याकडे बॅलन्स आहे त्याने लावायचा, हा घराघरातला अलिखित ठराव.

पण आपण दिलेले पैसे सगळे आपल्याच कंपनीकडे राहत नव्हते. समजा माझा फोन एका कंपनीचा आणि तुमचा दुसऱ्या कंपनीचा. माझी कंपनी माझा आवाज तुमच्या कंपनीच्या दारापर्यंत नेते. तिथून पुढे तुमच्या कंपनीचा टॉवर तो तुमच्या फोनपर्यंत पोचवतो. या शेवटच्या टप्प्याबद्दल माझ्या कंपनीने तुमच्या कंपनीला मिनिटामागे काही पैसे द्यायचे, असा नियम होता. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, ज्याला सगळे ट्राय म्हणतात, ते हा दर ठरवतं.

हा दर २००४ च्या सुमारास मिनिटाला ३० पैसे होता. १ एप्रिल २००९ पासून २० पैसे झाला, १ मार्च २०१५ पासून १४ पैसे, १ ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे, आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. आज एका कंपनीने दुसरीला फोन पोचवायचे काही द्यावं लागत नाही.

हे आकडे पाठ करायची गरज नाही. एवढंच लक्षात ठेवा की पूर्वी "आपल्याच कंपनीत फोन स्वस्त, दुसऱ्या कंपनीत महाग" असं जे होतं, त्याच्या मुळाशी हे कंपन्यांमधलं देणंघेणं होतं. देणंघेणं संपलं, तसा तो फरकही बहुतेक संपला. आपल्या मनातली भीती मात्र त्या जुन्या काळातली राहिली आहे.

आकड्यांवरून कंपनी ओळखायचे दिवस

त्या काळात नंबर पाहिला की कंपनी कळायची. आपल्या महाराष्ट्रात ९४२२ किंवा ९४२३ म्हटलं की बीएसएनएल, ९८२२ म्हणजे आयडिया, ९८९० म्हणजे एअरटेल, ९८२३ म्हणजे आधीची हच, नंतरची व्होडाफोन. घरात एकाच कंपनीची सिमकार्डं घ्यायची, म्हणजे आपसात बोलणं स्वस्त पडायचं. नवरा कामाला पुण्याला गेला तर जाताना त्याला तेच सिम घेऊन द्यायचं.

यात आपली एक अडचण होती. कंपनी पसंत नाही म्हणून सोडली, की नंबरही सोडावा लागायचा. नंबर गेला की बँकेत कळवा, नातेवाइकांना कळवा, दुधाच्या डेअरीत कळवा, शाळेत कळवा. तो त्रास नको म्हणून माणसं रडतखडत त्याच कंपनीत राहायची, आणि कंपन्यांनाही ते माहीत होतं.

मग नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय झाली. यालाच आपण नंबर पोर्ट करणं म्हणतो. २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात तिची सुरुवात झाली आणि २० जानेवारी २०११ पासून ती सगळ्या देशात लागू झाली. तेव्हा एक अट होती, नंबर आपल्या सर्कलमध्येच राहिला पाहिजे. सर्कल म्हणजे टेलिफोनच्या हिशेबाने पाडलेला भाग. आपलं महाराष्ट्र सर्कल म्हणजे मुंबई सोडून बाकी महाराष्ट्र आणि सोबत गोवा. मुंबईचं सर्कल वेगळं. म्हणजे पुसदचा नंबर नागपूरला चालायचा, पण कुणी कायमचं हैदराबादला राहायला गेलं तर तिथल्या कंपनीत तो नंबर नेता यायचा नाही. ३ जुलै २०१५ पासून ही अटही गेली. आता पुसदमध्ये घेतलेला नंबर हैदराबादच्या, सुरतच्या, कुठल्याही सर्कलच्या कंपनीत नेता येतो.

तेव्हापासून आकड्यांवरून कंपनी ओळखणं संपलं. ९४२२ चा नंबर आज जिओत असू शकतो आणि जिओचा वाटणारा नंबर बीएसएनएलमध्ये.

तिकीट सासरच्या गावाचं

हे समजायला आपल्या घरातलंच उदाहरण घ्या. मुलगी पुसदची, दिली दिग्रसला. तिचं नाव तेच, चेहरा तोच, माहेरची ओळख तीच. पण तिला भेटायला जायचं तर एसटीचं तिकीट कुठलं काढाल? दिग्रसचं. कंडक्टर विचारत नाही की ती जन्मली कुठे. ती आज राहते कुठे, त्यावर भाडं ठरतं.

पोर्ट केलेल्या नंबरचं अगदी तसंच आहे. पहिले आकडे म्हणजे त्याचं माहेर, आजची कंपनी म्हणजे सासर. फोन सासरी जातो आणि हिशेब सासरचाच होतो.

आता तुम्ही विचाराल, माझ्या फोनला कसं कळतं की हा नंबर आता कुठे आहे? त्यासाठी पोर्ट झालेल्या सगळ्या नंबरांची एक मोठी नोंदवही ठेवलेली आहे, अर्थात कॉम्प्युटरवर. देशात या कामासाठी दोन झोन केले आहेत आणि दोन संस्थांना ते काम दिलं आहे. आपला महाराष्ट्र पहिल्या झोनमध्ये येतो. त्या नोंदवहीत प्रत्येक पोर्ट झालेल्या नंबरापुढे एक खुणेचा आकडा असतो. तो आकडा सांगतो की हा नंबर आज कोणत्या कंपनीत आणि कोणत्या सर्कलमध्ये आहे.

तुम्ही नंबर लावलात की तुमची कंपनी आधी ती नोंद बघते आणि मग फोन सरळ योग्य कंपनीकडे पाठवते. हे सगळं रिंग वाजायच्या आधी, डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. जुन्या कंपनीचा त्यात काही संबंध राहत नाही. सगळ्या देशांत असं नाही. ब्रिटनमध्ये पोर्ट केलेल्या नंबरचा फोन आधी जुन्या कंपनीकडे जातो आणि ती तो पुढे नव्या कंपनीकडे ढकलते. म्हणजे सासरी जायला आधी माहेरचा फेरा. आपल्याकडे सुरुवातीपासून सरळ रस्ता ठेवला. त्यामुळे जुन्या कंपनीच्या वाटेचा जादा खर्च फोन करणारीवर पडायचा प्रश्नच येत नाही.

सहा पैशांची गोष्ट

पोर्ट केलेल्या नंबरामुळे फोनच्या पैशात खरोखर फरक पडला, असा एक काळ फार जुना नाही. १० ऑक्टोबर २०१९ पासून जिओने आपल्या ग्राहकांना सांगितलं की जिओवरून जिओवर फोन फुकट, पण दुसऱ्या कंपनीच्या मोबाईलवर केला तर मिनिटाला ६ पैसे. कंपन्यांमधला दर तेव्हा ६ पैसेच होता आणि तोच ग्राहकाकडून घ्यायचं ठरलं. त्यासाठी १० रुपयांचं वेगळं टॉप-अप मारावं लागे, त्यात १२४ मिनिटं मिळत.

आता त्या दिवसातलं एक चित्र डोळ्यांपुढे आणा. गटाच्या सचिव ताईंकडे जिओ. त्या दोघींना फोन करतात. पहिलीचा नंबर ९८२२ ने सुरू होतो, जुना आयडियाचा, पण तिने तो जिओत नेलेला. हा फोन फुकट. दुसरीचा नंबर मुळात जिओचा, पण रेंज नाही म्हणून तिने तो दुसऱ्या कंपनीत नेलेला. या फोनला मिनिटाला ६ पैसे. नंबर पाहून सचिव ताईंचा अंदाज बरोबर उलटा ठरणार. फोन लावताना कुठली वेगळी घंटी वाजत नव्हती, की कुणी सांगत नव्हतं. मिनिटं संपली की मगच लक्षात यायचं.

अर्ध्या तासाच्या फोनचे १ रुपया ८० पैसे होतात. रक्कम मोठी नाही. पण ज्या घरात १० रुपयांचा टॉप-अपही विचार करून मारला जातो, तिथे "माझे पैसे कुठे गेले" हे न कळणं जास्त त्रासाचं असतं. मला वाटतं, "पोर्ट नंबरला फोन महाग" ही समजूत आपल्या गावांमध्ये याच काळात घट्ट झाली. १ जानेवारी २०२१ पासून कंपन्यांमधला दर शून्य झाला आणि जिओने देशातल्या सगळ्या कंपन्यांचे फोन पुन्हा फुकट केले. कारण गेलं, समजूत राहिली.

मग आज पैसे कुठे लागतात?

आज कोणाला काय लागतं ते एकेक करून बघू.

तुमच्याकडे अनलिमिटेड पॅक चालू असेल, तर लोकल असो की एसटीडी, पोर्ट केलेला असो की नसो, देशातल्या नेहमीच्या मोबाईल नंबरांवर फोन केल्याचे वेगळे पैसे नाहीत. मुलगी कामासाठी हैदराबादला आहे आणि तिने नंबर तिथल्या कंपनीत नेला, तरी तुम्हाला फरक नाही.

तुमच्याकडे नुसता बॅलन्स आहे, पॅक नाही, तर तुमच्या प्लॅनमध्ये सेकंदाला किंवा मिनिटाला जो दर आहे तो लागतो. हा दर तुमच्या कंपनीला विचारा. तो तुमच्या पॅकवर ठरतो, समोरचीने नंबर कुठून कुठे नेला यावर नाही.

बॅलन्स आहे पण पॅकची मुदत संपली, तर बहुतेक वेळा फोन लागतच नाही. अनेक बायांना वाटतं समोरच्या नंबरात काही बिघाड आहे. आधी आपली मुदत तपासा.

ज्यांच्याकडे बटनांचा साधा फोन आहे आणि इंटरनेट लागतच नाही, त्यांच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम केला की प्रत्येक कंपनीने फक्त बोलणं आणि एसएमएस असलेला पॅकही ठेवला पाहिजे. असे पॅक आता मिळतात. दुकानदार स्वतःहून सांगेलच असं नाही. "डेटा नको, फक्त बोलायचा पॅक द्या," असं आपण मागायचं आणि दोन पॅकची किंमत व दिवस शेजारी लिहून तुलना करायची.

लँडलाईनवरून मोबाईलवर फोन करायचा असेल, तर १५ जानेवारी २०२१ पासून कुठल्याही मोबाईल नंबरच्या आधी शून्य लावावा लागतो. पंचायतीच्या किंवा शाळेच्या लँडलाईनवरून फोन लागत नाही म्हणून "तिने नंबर पोर्ट केला वाटतं" असा अंदाज बांधू नका. शून्य लावून बघा.

आणि परदेशातला अनोळखी मिस्ड कॉल असेल तर उलट फोन करू नका. आपल्या देशाचा नंबर अधिक ९१ ने सुरू होतो. दुसरा आकडा असेल तर तो फोन परदेशात जातो आणि तो नेहमीच्या पॅकमध्ये बसत नाही.

फॉरवर्ड केलेला फोन ही वेगळी गोष्ट

पोर्ट करणं आणि फॉरवर्ड करणं, या दोन्हींत गल्लत होते. पोर्ट म्हणजे नंबर कायमचा दुसऱ्या कंपनीत नेणं. फॉरवर्ड म्हणजे माझ्या नंबरवर आलेला फोन दुसऱ्या नंबरवर वळवणं. समजा अध्यक्ष ताई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि त्यांनी आपला फोन सचिवांच्या नंबरवर वळवला. आता त्यांना कुणी फोन केला तर त्या फोनचे दोन तुकडे होतात. फोन करणारीपासून अध्यक्ष ताईंपर्यंतचा पहिला तुकडा, त्याचा खर्च फोन करणारीचा. अध्यक्ष ताईंपासून सचिवांपर्यंतचा दुसरा तुकडा, त्याचा खर्च अध्यक्ष ताईंचा, कारण वळवायचं त्यांनी ठरवलं. म्हणून फोन वळवण्याआधी कंपनीला विचारा की वळवलेला फोन आपल्या पॅकमध्ये धरला आहे की त्याचे वेगळे पैसे आहेत.

यात खर्चापेक्षा मोठा धोका फसवणुकीचा आहे. "तुमचं सिम बंद होणार आहे, अमुक अमुक नंबर दाबा," असं सांगून ठग लोक स्टार ४०१ स्टार आणि पुढे त्यांचा नंबर दाबायला लावायचे. तो दाबला की आपले फोन त्यांच्याकडे वळायचे आणि बँकेचा फोनवर येणारा ओटीपीही त्यांना मिळायचा. हे प्रकार वाढले म्हणून सरकारच्या दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून असे आकडे दाबून फोन वळवण्याची सोय थांबवायला कंपन्यांना सांगितलं. तरी सावध राहा. तुमचे फोन अचानक येईनासे झाले तर हॅश हॅश ००२ हॅश दाबून कॉलचं बटन दाबा. त्याने वळवलेले सगळे फोन रद्द होतात. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा.

नंबर न्यायचा ठरला, तर

जुलै २०२४ मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी रिचार्ज महाग केले, तेव्हा खूप जणांनी कंपनी बदलली. त्यात काहींचं नुकसानही झालं. ते टाळण्यासाठी या गोष्टी वहीत लिहून ठेवा.

पहिली गोष्ट, रेंज आधी तपासा. ज्या कंपनीत जायचं तिचं सिम असलेल्या शेजारणीला घरात, शेतात आणि बैठकीच्या जागी बोलावून बघा. एका ठिकाणी रेंज आहे म्हणून सगळीकडे असेल असं नाही. एकदा नंबर नेला की पुन्हा बदलायला ९० दिवस थांबावं लागतं.

दुसरी, चालू पॅक संपत आला की मगच नंबर न्या. शिल्लक बॅलन्स आणि पॅकचे उरलेले दिवस नव्या कंपनीत येत नाहीत, ते बुडतात. समजा ८४ दिवसांचा पॅक ८४० रुपयांना घेतला, म्हणजे दिवसाला १० रुपये. २० दिवस वापरून नंबर नेला तर उरलेल्या ६४ दिवसांचे ६४० रुपये गेले. एवढे पैसे वाचवायलाच तर आपण कंपनी बदलायला निघालो होतो!

तिसरी, नेण्याची रीत. फोनच्या मेसेजमध्ये इंग्रजीत पी, ओ, आर, टी ही चार अक्षरं, मग एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, आणि तो मेसेज १९०० वर. उलट आठ अक्षर-आकड्यांचा एक कोड येतो. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. तो कोड आणि आपलं ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. तुमच्या पॅकमध्ये एसएमएस नसले तरी १९०० वर जाणारा मेसेज अडवायचा नाही, असं ट्रायने डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्या कंपन्यांना बजावलं आहे. तेव्हा "आधी मोठा रिचार्ज मारा, मग मेसेज जाईल," असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

चौथी, वेळ आणि फी. सर्कलमधल्या सर्कलमध्ये नंबर न्यायला कामाचे तीन दिवस, दुसऱ्या सर्कलमध्ये पाच दिवस. नियमाची फी ६ रुपये ४६ पैसे आहे. याहून जास्त "पोर्टिंगचे पैसे" कुणी मागितले तर कशाचे ते विचारा आणि पावती मागा. बदल होताना काही तास फोन बंद राहतो. म्हणून बँकेचं काम किंवा कर्जवाटप असेल तो दिवस टाळा. मन बदललं तर अर्ज केल्यापासून २४ तासांच्या आत रद्द करता येतो.

पाचवी, सिम हरवलं म्हणून नवं सिम घेतलं असेल, तर १ जुलै २०२४ पासूनच्या नियमाने सात दिवस थांबल्याशिवाय पोर्टचा कोड मिळत नाही. हा अडथळा आपल्याच भल्यासाठी आहे. ठग आपल्या नावाने सिम काढून लगेच नंबर पळवायचे, ते त्यामुळे अवघड झालं. तो आठ अक्षरी कोड ओटीपीसारखाच जपायचा. दुकानाबाहेर कुणालाही फोनवर सांगायचा नाही.

गटासाठी दोन शब्द

नंबर पोर्ट केला म्हणजे बँकेत, आधारला, गॅसच्या बुकिंगला, लाडक्या बहिणीच्या अर्जाला काहीही कळवावं लागत नाही. नंबर तोच असतो आणि व्हॉट्सअॅपचा ग्रुपही तसाच राहतो. पण रिचार्ज न करता नंबर नुसता पडू दिला, तर मात्र धोका आहे. ९० दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी तो बंद करू शकते, आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो. गटाच्या खात्याला जोडलेला नंबर असा गेला तर खात्याचे मेसेज परक्याच्या फोनवर जातील. म्हणजे कंपनी बदलण्यात जोखीम कमी आणि नंबर विसरून जाण्यात जास्त. आपल्याकडे नेमकी उलटी भीती बाळगली जाते.

म्हणून पुढच्या बैठकीत एवढं करा. गटाच्या खात्याला कोणता नंबर जोडला आहे, तो चालू आहे का आणि कोणाच्या हातात आहे, हे विचारून रजिस्टरमध्ये लिहा. बऱ्याच ठिकाणी तो नंबर कुणाच्या तरी मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खिशात असतो. तो गटातल्या बाईच्या हातात असला पाहिजे.

फोनच्या पैशांत काही चुकीचं कटलं असं वाटलं तर आपल्या कंपनीचा १९८ हा नंबर लावा. तो फुकट आहे. तक्रार केली की तक्रारीचा नंबर मागून घ्या आणि लिहून ठेवा. त्यांच्या उत्तराने समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. दोन रुपयांसाठी कोण भांडत बसतं, असं म्हणू नका. आपण आठवड्याला थोडे थोडे पैसे जमवूनच गट उभे केले आहेत. दोन रुपयांची किंमत आपल्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक?

आणि त्या ग्रामसंघाच्या अध्यक्ष ताईंसारखी कुणी तुमच्या गावात असेल, तर तिला हे वाचून दाखवा. बायांचे फोन तिला घरात, चुलीपाशी बसून घेता येतील, आणि कुणाचाही बॅलन्स त्यासाठी जास्त कटणार नाही.